एक केस

अंबडच्या शेडमध्ये डिसेंबरचं पाणी
नखं निळी करतं.
बाटलीत शॅम्पूचे दोन थेंब, जास्त नाही.
जास्त झाले की फिल्म घसरत राहते,
कमी पडले की बसते तिथंच, हट्टी,
परत उठत नाही.

समोर पिवळी गाडी, जमिनीला पोट लावून,
पिंपळगावच्या टोमॅटोवाल्यांच्या धाकट्याची.
कसाऱ्याच्या घाटात डंपरमागे
खडा उडाला म्हणे, बोराएवढा.
डावा दिवा गेला.
नवा आला जहाजातून, चार लाख ऐंशी हजार.
"ताई, याला आता काही लागू देऊ नका,"
असं म्हणाला, जसं कुणी
बालवाडीच्या दारात म्हणतं.

भाऊ कोपऱ्यात स्टुलावर.
ओझरच्या कारखान्यात एकतीस वर्षं
त्यांनी विमानांच्या कॅनोप्या घासल्या,
वैमानिकाच्या डोक्यावरचं ते पारदर्शक घमेलं.
स्वतः विमानात कधी बसले नाहीत.

"दिव्याला कातडं?"
पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं.
हो. खडा कातड्याला लागतो, दिव्याला नाही.
"आणि कातडं खराब झालं की?"
सोलायचं. दुसरं चढवायचं.
त्यावर बराच वेळ ते
आपल्या पालथ्या हातांकडे बघत बसले.

दिवा सपाट नसतो, तीच गोम.
कडेला वळतो, नाकाशी एकदम खाली उतरतो.
फिल्म ओढावी तर पांढरी पडते,
न ओढावी तर चुणी.
हीट गनची ऊब दाखवत
ओल्या पायावर मोजा चढवावा तशी चढवली,
मग स्क्वीजीनं पाणी मधून कडेला,
मधून कडेला.
सात वाजता शाहबाझनं टॉर्च मारला.
"एक नंबर."
शटर अर्धं खाली आलं.

तेव्हा भाऊ उठले.
चष्मा काढून खिशात ठेवला.
करंगळीशेजारचं बोट फिरवलं दिव्यावरून
वरून खाली, सावकाश,
आणि एका जागी थांबले.

केस होता. माझाच, पापणीचा असणार.
गिऱ्हाइकाला दिसला नसता,
त्याच्या बापाला दिसला नसता,
टोल नाक्यावरच्या कुणालाच नाही.
आणि तीन हजारांची फिल्म, दोन तास,
शाहबाझच्या पोरीचा वाढदिवस.

"ओझरला काय करायचात अशा वेळी?"
मी विचारलं, चिडूनच.

"लिहून ठेवायचो.
कुठल्या नंबरची, कुठं, किती.
मग परत घासायची.
वर गेल्यावर त्या पोराला आभाळात
दुसरं विमान दिसायला नको,
तिथं नसलेलं."

शाहबाझला घरी पाठवला.
कडेला नख घातलं, ओढली.
सोलताना ती ओरडते, बारीक,
रिकाम्या शेडमध्ये जरा जास्तच.
दुसरी कापली. केसांना फडकं बांधलं.
बाटली भाऊंनी धरली.
त्यांचा हात हल्ली थरथरतो,
फवारा सगळीकडे सारखा पडला.

सकाळी तो आला.
उकिडवा बसून डावा दिवा बघितला, उजवा बघितला,
मग माझ्याकडे.
"लावलीय ना नक्की?"
लावलीय.
"दिसत तर नाही काही."
फोन काढला, पैसे पाठवले,
पण तोंडावर शंका तशीच,
आणि गरवारे पॉइंटपर्यंत
गाडी अगदी हळू नेली, पोरानं.

पाणी बदलायला आत आले तर
स्विचबोर्डाखालच्या भिंतीवर
कालची सोललेली फिल्म चिकटवलेली,
एक कोपरा सुटलेला.
शेजारी पेन्सिलीनं, कारखान्यातल्या अक्षरात,
तारीख.
खाली:
डावा. नाकापासून चार बोटं.
एक केस.